फेसाला घाबरायचं नाही!

शनिवारी सकाळी साडेआठला आपल्यापैकी निम्मी जनता काय करत असते? झोपलेली असते. मीही त्यातलीच. पण गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी साडेआठला बाथरूममध्ये उकिडवी बसून काचेची बरणी धूत होते. आणि नऊच्या आत माझी रूममेट बाल्कनीच्या ग्रिलला धरून श्वास घ्यायची धडपड करत होती. कारण मी. म्हणजे माझी बरणी. म्हणजे ती बरणी ‘एकदम जंतुमुक्त’ करायची माझी हौस!

सुरुवातीपासून सांगते.

कोंबुचा नावाचं प्रकरण तुम्ही एव्हाना प्यायला असाल. नसाल, तर शेजारच्या डेस्कवरची ती योगा करणारी मुलगी नक्की पिते. गोड चहात एक जाडसर, गिळगिळीत चकती सोडायची आणि आठ-दहा दिवस विसरून जायचं. चहा आंबट होतो, थोडा फसफसतो, आणि कॅफेमध्ये त्याच्या एका बाटलीत आपलं अख्खं जेवण होईल एवढे पैसे घेतात. त्या चकतीला स्कोबी म्हणतात. यीस्ट आणि बॅक्टेरिया यांचं एकत्र कुटुंब. आपल्या विरजणाची लांबची चुलत बहीण म्हणा ना! मला ती एका मैत्रिणीने स्टीलच्या डब्यातून दिली, अगदी आजी विरजण द्यायची तशी. मी फ्रीलान्सर. पेमेंट तीन महिन्यांनी येतं. कॅफेची चैन परवडत नाही, म्हणून घरीच सुरू केलं.

घरात आंबवण्याचा छंद आमच्या खानदानात आधीच घुसलेला आहे. माझा मावसभाऊ अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या बीव्हर्टनला असतो आणि दर दोन महिन्यांनी गॅरेजमध्ये बीअर बनवतो. मावशीला तो ‘बार्लीचं सूप’ सांगतो. तिकडे हे कायदेशीर आहे. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरी स्वतःपुरती बीअर बनवायला केंद्र सरकारची आडकाठी उरली नाही. एका घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी २०१३ पर्यंत ताणून धरलंच. (इथे कोणाच्या डोक्यात आयडिया चमकली असेल तर, बॉस, थांबा. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं हा सरळ गुन्हा आहे. क्राफ्ट बीअर प्यायची तर पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून त्याची सोय होत गेली आहे. बनवायची मात्र नाही.)

तर माझ्या पहिल्या दोन बरण्या भन्नाट झाल्या. रूममेटनेसुद्धा ‘प्यायला हरकत नाही’ असं म्हटलं. तिच्याकडून हे म्हणजे फाइव्ह स्टार रेटिंग. तिसऱ्या बरणीवर मात्र सहाव्या दिवशी हिरवट, मखमली ठिपके दिसले. बुरशी! अशी कोरडी, केसाळ बुरशी दिसली की वाद घालायचा नसतो. वरचं काढून खालचं प्या वगैरे काही नाही. चहा, स्कोबी, सगळं फेकायचं.

रात्री नऊला दादाला फोन लावला. त्याची सकाळची कॉफी चालू होती.

‘‘भांडी सॅनिटाइज कशाने करतेस?’’ त्याने विचारलं.

‘‘म्हणजे? भांड्यांच्या लिक्विडने घासते की.’’

पलीकडे शांतता. एवढी शांतता त्याने माझ्या बारावीच्या निकालालाही पाळली नव्हती.

‘‘अगं, ते क्लीन करणं झालं. सॅनिटाइज वेगळं,’’ तो म्हणाला, आणि सुरू झाला. ब्लीच, आयोडीन, ॲसिड, अमुक पीपीएम, तमुक मिनिटं... मला एका तासात एक आर्टिकल पाठवायचं होतं. मी त्यातला एकच ओळखीचा शब्द पकडला. ब्लीच. ते आमच्या घरात होतं, पांढऱ्या कपड्यांसाठी आणलेलं. मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला ‘सोर्सचं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐका’ असं शिकवतात. तेव्हा मी बहुतेक कॅन्टीनमध्ये असेन.

सकाळी मी बुरशीवाली बरणी बाथरूममध्ये ओतली. तळाशी आंबट चहाचा लगदा राहिला होता. आधी मी त्यात भरपूर व्हिनेगर घातलं, कारण व्हिनेगर ‘नॅचरल’ असतं. मग वाटलं, एवढ्याने काय होणार? अर्धा कप ब्लीच ओतलं. डबल ॲक्शन! खिडकी बंद होती, बाहेर पाऊस होता. काही क्षणांत स्विमिंग पूलच्या वासाचा भपकारा आला, पण जरा जास्तच तिखट. डोळे चुरचुरले, घसा धरला. मी खोकत बाहेर आले आणि दार नुसतं लोटून चहा टाकायला गेले. नेमकी तेवढ्यात रूममेट आंघोळीला आत शिरली. तिला लहानपणापासून दमा आहे. मला ते माहीत होतं. तिचा इनहेलर फ्रिजवरच्या टोपलीत असतो, हेही माहीत होतं. माझ्या बरणीतून काय निघतंय, तेवढंच माहीत नव्हतं.

ते क्लोरीन होतं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात कुठलंही ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर हे ॲसिड, टॉयलेट क्लीनर हे त्याहून जालीम ॲसिड, आणि गंमत म्हणजे (तेव्हा गंमत वाटली नव्हती) आंबलेला कोंबुचा हेसुद्धा ॲसिडच. म्हणजे मी व्हिनेगर घातलं नसतं तरी थोडाफार घोटाळा झालाच असता. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो खाली साचतो, म्हणजे बंद बाथरूममध्ये उकिडव्या बसलेल्या माणसाच्या बरोब्बर नाकाशी. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने हाच सोडला होता. मी तो आमच्या वन बीएचकेमध्ये सोडला.

इनहेलरचे पफ झाले, तरी तिची धाप काही कमी होईना. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी रिक्षा थांबवली. डॉक्टरांनी नेब्युलायझर लावला, चार तास बसवून ठेवलं. असा वायू छातीत गेला की त्रास कधी कधी उशिरानेही वाढतो, म्हणून. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘कशात काय घातलंत?’’ मी सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. संध्याकाळी ती बरी होती. माझ्याशी मात्र तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ते एवढंच, ‘‘बरणी ठेवायची असेल तर ठेव. पण मला भीती वाटेल असं काही घरात आणायचं नाही.’’

आता सांगा, यात काय चुकीचं आहे? मग मी कामाला लागले. दादाला पुन्हा फोन केला. या वेळी वही घेऊन बसले आणि तोंड बंद ठेवलं.

पहिला फंडा एकदम साधा निघाला. घासणं म्हणजे मळ काढणं. सॅनिटाइज करणं म्हणजे मळ गेल्यावर उरलेले जंतू इतके कमी करणं की ते आपल्या यीस्टला पुरून उरणार नाहीत. स्टरिलाइझ म्हणजे सगळेच्या सगळे मारणं, ते ऑपरेशन थिएटरचं काम, आपलं नव्हे. आणि मळावर सॅनिटायझर चालत नाही. वाळलेल्या चहाच्या थराखाली जंतू आरामात बसतात, आणि ब्लीच किंवा आयोडीन तर त्या मळाशी झुंजण्यातच खर्च होऊन जातं. म्हणून आधी घासा, मगच सॅनिटाइज करा. प्लॅस्टिकचं भांडं असेल तर तारेच्या घासणीने मुळीच नाही. प्रत्येक ओरखडा म्हणजे जंतूंसाठी फ्लॅट.

आपल्या आज्यांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. लोणच्याची बरणी घासायची, कडक उन्हात वाळवायची, हिंगाची धुरी द्यायची, ओला चमचा घालणाऱ्याला दिवसभर ऐकवायचं... ही सगळी सॅनिटेशनचीच खटपट. फक्त लोणच्यात मीठ, तेल आणि आंबटपणा पहाऱ्याला असतो. गोड, कोमट चहाच्या पहाऱ्याला पहिल्या दिवशी फारसं कोणी नसतं.

आता एकेक उमेदवार.

ब्लीचची बाजू आधी मांडते, कारण सगळा दोष त्याचा नाही. स्वस्त, गल्लीतल्या दुकानात मिळणारं, आणि जंतू मारायला जबरदस्त. अमेरिकेतले घरगुती बीअरवाले वर्षानुवर्षं तेच वापरत आले. प्रमाण लिटरला साधारण चार मिलिलिटर. चार! माझा अर्धा कप आठवतो ना? गार पाण्यात, भांडं वीस मिनिटं बुडवून. ब्लीच साधं हवं, लिंबाच्या वासाचं किंवा घट्ट जेलसारखं नको. वर बाटलीतलं ब्लीच उकाड्यात महिनोन् महिने पडलं की हळूहळू मरतं, त्यामुळे आपण नक्की किती घालतोय याचा पत्ता नसतो.

पण खरी भानगड पुढे आहे. ब्लीच धुऊन काढावं लागतं. नळाच्या पाण्याने धुवाल तर नळातले जंतू परत आत, म्हणून उकळून गार केलेलं पाणी हवं. नीट धुतलं नाही, तर उरलेलं क्लोरीन माल्टमधल्या किंवा चहामधल्या फिनॉल्सना जाऊन चिकटतं आणि क्लोरोफिनॉल तयार होतं. त्याची चव कशी? दादाच्या मते, जखमेवरची जुनी पट्टी चघळल्यासारखी. अब्जात काही भाग एवढं असलं तरी जिभेला कळतं. त्याने एकदा वीस लिटर बीअर या चवीपायी गटारात ओतली आहे. आणखी एकदा स्टीलच्या पिंपात रात्रभर ब्लीचचं पाणी ठेवून झोपला. सकाळी आत बारीक बारीक खड्डे. स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर क्लोरीन खाऊन टाकतं, आणि असा खड्डा पडला की तो जंतूंचा कायमचा पत्ता. काचेला हा धोका नाही, पण माझी गाळणी, माझा चमचा स्टीलचेच.

आणि मिसळण्याचा धोका आहेच. ॲसिडबरोबर नाही, अमोनियावाल्या काच पुसायच्या लिक्विडबरोबर नाही, स्पिरिटबरोबर नाही. सोप्या भाषेत, पाणी सोडून कशाबरोबरही नाही. घरगुती बीअरवाल्यांमध्ये ब्लीचच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्याची ताकद वाढवण्याची एक युक्ती फिरत असते. केमिस्ट्री म्हणून त्यात तथ्य आहे. पण ती युक्ती सांगणाऱ्यावर मला आता रिक्षाचं भाडं लावावंसं वाटतं.

दादाचा स्वतःचा हीरो वेगळाच आहे. ‘स्टार सॅन’ नावाचं एक ॲसिड सॅनिटायझर. फॉस्फोरिक ॲसिड, म्हणजे कोल्यात असतं तेच, आणि सोबत फेस करणारा एक घटक. दीड मिलिलिटर एका लिटर पाण्याला, भांडं एक-दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं, पालथं घालून निथळायचं. धुवायचं नाही! आत फेस राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, साबण पितोय की काय म्हणून. ‘‘फेसाला घाबरायचं नाही,’’ दादा म्हणतो. तिकडच्या बीअरवाल्यांचा हा जवळजवळ मंत्र आहे. ठरलेल्या प्रमाणात पातळ केलेलं असेल तर तो उरलेला फेस चवीला कळत नाही, तब्येतीला बाधत नाही. पाण्याचा पीएच तीनच्या खाली आहे तोवर ते काम करतं. लिटमससारखी एक पट्टी बुडवून बघता येतं. पाणी जड असेल तर ते गढूळ होतं आणि लवकर दम टाकतं. डिस्टिल्ड पाण्यात केलेलं मात्र पुष्कळ दिवस टिकतं.

हे ऐकून मी लगेच फर्माईश केली, ‘‘दिवाळीला येशील तेव्हा बॅगेत एक बाटली टाक ना!’’

‘‘अगं, पातळ केल्यावर गरीब असतं ते. बाटलीतलं घट्ट ॲसिड आहे. कातडी जाळतं. विमानात नेऊ देत नाहीत.’’

हा मुद्दा माझ्या डोक्यात राहिला. ‘सेफ’ लिहिलेलं असतं ते पातळ केलेल्यासाठी. घट्ट बाटली हाताळताना ग्लोव्हज हवेत, चश्मा हवा, आणि घरात लहान मूल असेल तर कुलूप हवं. शिवाय हेही ॲसिडच, म्हणजे ब्लीचच्या शेजारी याला ठेवणं नको. दादाच्या घरी तीन वर्षांची पुतणी आहे माझी. वहिनीने ती बाटली गॅरेजमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून वर मराठीत ‘खबरदार’ लिहिलंय. पोरीला अजून मराठी वाचता येत नाही, पण दादाला येतं. वहिनी म्हणते, चिठ्ठी त्याच्यासाठीच आहे!

आयोडोफोर हा तिसरा. आयोडीनच, पण पाण्यात नीट मिसळेल असं बांधलेलं. डेअरीवाल्यांचा जुना सोबती. १२.५ पीपीएम एवढं पातळ केलं की पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं, भांडं दोन मिनिटं बुडवायचं आणि निथळायचं, इथेही धुवायची गरज नाही. मला याचा एक गुण जाम आवडला. रंग गेला की ताकद गेली. म्हणजे ते स्वतःच सांगतं, ‘आता मला बदला.’ आपल्या ऑफिसमध्येही अशी सोय हवी होती. तोटा असा, की प्लॅस्टिकच्या नळ्या, ओटा, टॉवेल सगळं पिवळं होतं. आणि कृपा करून कपाटातली जखमेवर लावायची आयोडीनची बाटली यासाठी काढू नका. ते औषध आहे, भांड्यांसाठी बनवलेलं नाही. तेच त्या तपकिरी अँटिसेप्टिकचं, ज्याचा वास आपल्या बालपणाच्या गुडघ्यांना अजून येतो. तो वास बरणीला चिकटला की पुढच्या चार बॅचेस हॉस्पिटलमधून आल्यासारख्या लागतील.

वाइन बनवणाऱ्यांची एक पावडर असते, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. हे नाव ऐकून मी चमकले, कारण आमच्या आईच्या कपाटात ती ‘केएमएस’ या नावाने गेली वीस वर्षं आहे! कैरीचं पन्हं आणि लिंबाचं सरबत टिकायला ती चिमूटभर घालते. आंबट द्रवात त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि तो जंतूंना रोखतो. पण दम्याच्या काही पेशंट्सना नेमका त्याच वायूने अटॅक येऊ शकतो. वहीत मी त्यावर मोठ्ठी फुली मारली. आईलाही फोन करून सांगितलं, ‘‘अगं, माझी रूममेट येईल तेव्हा तिला तुझं सरबत देऊ नकोस हं.’’ आई म्हणाली, ‘‘तू आधी तिला तुझ्यापासून वाचव.’’

२०२० च्या लॉकडाऊनपासून घरात पडलेल्या हँड सॅनिटायझरच्या बाटल्या? नको. त्यात सुगंध असतो, ग्लिसरीन असतं, जेल असतं. ७० टक्क्यांचं साधं अल्कोहोल चालतं, तेही बरणीच्या तोटीला, झाकणाच्या रबरी रिंगला, आपल्या बोटांना. पूर्ण उडू द्यायचं. ७० च का, १०० का नाही? कारण थोडं पाणी असेल तरच ते जंतूच्या आत नीट शिरून प्रथिनं मोडतं. आणि गॅस चालू असताना अजिबात नाही. एकाच छंदापायी दोन अपघात शोभत नाहीत.

व्हिनेगरबद्दल लोकांचा खूप जीव जडलेला असतो, म्हणून सांगते. कोंबुचासाठी बरणी शेवटी व्हिनेगरने विसळली तर बिघडत नाही, पण ते भरवशाचं सॅनिटायझर नव्हे.

एवढं सगळं झाल्यावर, वहीची अकरा पानं भरल्यावर, दादाने विचारलं, ‘‘बरं, त्या तिसऱ्या बॅचमध्ये आधीचा आंबट कोंबुचा किती घातला होतास?’’

‘‘दोन चमचे असेल. उरलाच नव्हता, आम्ही पिऊन टाकला.’’

पुन्हा ती बारावीच्या निकालाची शांतता!

तीन लिटर चहाला निदान तीनशे मिलिलिटर तरी जुना आंबट कोंबुचा घालायला हवा. म्हणजे चहा पहिल्या दिवसापासूनच आंबट होतो आणि बुरशीला पाय ठेवायला जागा मिळत नाही. तीच त्या गोड चहाची पहारेकरीण, आणि तिला मीच ग्लासात ओतून प्यायले होते. दादाच्या बीअरला ही सोय नाही. उकळून गार झालेला माल्टचा गोड काढा म्हणजे जंतूंसाठी बुफे, म्हणून त्याला पातेल्यापासून नळीपर्यंत एवढी काळजी घ्यावी लागते. माझ्या बरणीला ब्लीचची गरज बहुतेक नव्हतीच. हे मी रूममेटला सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे मी रिक्षातून जाऊन आले ते दोन चमच्यांसाठी?’’ काय बोलणार!

मग आमच्या घरात काय ठरलं? ‘भीती वाटेल असं काही नाही’ ही तिची अट, आणि ‘रोजच्या स्वयंपाकघरात बसेल असं हवं’ ही माझी. उत्तर फार ग्लॅमरस नाही. बरणी रिकामी झाली की लगेच, वाळू न देता, बिनवासाच्या लिक्विडने मऊ घासणीने घासायची. महिन्यातून एकदा चहाचे डाग काढायला गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेटची पावडर, म्हणजे ऑक्सिजनवाल्या डाग काढण्याच्या पावडरींमधला मुख्य माल. पाण्यात पडल्यावर त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. मळ सुटतो, नंतर खळखळून धुवायचं. हे क्लीनर आहे, सॅनिटायझर नाही. आणि त्याचं पाणी झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही, गॅस साठून बाटली फुटेल. हात कोरडे पडतात, ग्लोव्हज घाला.

आणि सॅनिटायझर? उकळतं पाणी, दुसरं काही नाही. गाळणी, चमचा पातेल्यात दहा मिनिटं. छोट्या बाटल्या तळाशी फडकं घालून गार पाण्यापासूनच तापवायला ठेवायच्या, म्हणजे तडकत नाहीत. पुण्याच्या उंचीवर पाणी शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं, पण घाबरू नका. भांड्यांसाठी अमेरिकेतल्या हॉटेलांचा नियमसुद्धा ७७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद एवढाच आहे. मोठी बरणी पातेल्यात मावत नाही. तिला आधी कोमट, मग गरम, मग अजून गरम पाण्याने चढवत न्यायचं. एकदम उकळतं ओतलं तर साधी काच चट्‌कन तडा देते. (एक बरणी गेली. विचारू नका.) रबरी रिंग काढून वेगळी उकळायची, कारण सगळा चिकटा त्या खाचेत बसतो. नंतर सगळं गार होऊ द्यायचं, नाही तर आपलीच स्कोबी शिजेल.

फळी साफ करताना ब्लीचची उरलेली बाटली दिसली. काकूंना पांढऱ्या साड्यांसाठी हवी होती, त्यांना दिली. देताना मी त्यांना टॉयलेट क्लीनरबद्दल एवढं लांबलचक लेक्चर दिलं की त्या म्हणाल्या, ‘‘अगं बाई, मला माहीत आहे ते. तू तुझं बघ.’’

परवा नवी बॅच तयार झाली. आल्याची. मी दोन ग्लास भरले आणि एक तिच्यासमोर ठेवला. तिने आधी ग्लास नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला. मग उठली, बाथरूमची खिडकी उघडी आहे ना ते बघून आली, आणि प्यायली.

‘‘आलं जास्त झालंय,’’ ती म्हणाली, आणि दुसरा ग्लास मागितला.